जेल, सलाईन आणि शेवटी सिझर: त्या तीस तासांत नेमकं काय झालं?

गोव्यातल्या डिचोलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी २७ वर्षांची, पहिलटकरीण. ४० आठवडे ६ दिवस झाले तरी कळा आल्या नाहीत म्हणून संध्याकाळी दाखल केलं. कळा येण्यासाठी जेल लावलं, सहा तासांनी पुन्हा जेल. सकाळी आठला पाणमोट फोडली आणि कळा वाढवायचं सलाईन चढवलं. दिवसभर कळा काढल्या. रात्री ६ सेंटीमीटरवर अडकलं, पाणी हिरवं आलं, बाळाचे ठोके उतरले आणि मध्यरात्री सिझर. मुलगी ३ किलो १०० ग्रॅमची, छान आहे. आज ५ आठवडे झाले. घरात म्हणतात, हिला कळा सोसवल्या नाहीत, जोर लावला नाही. शेजारीण म्हणते, जेल लावलं की सिझर ठरलेलंच. थांबले असते तर नॉर्मल झालं असतं का? मुलीला जवळ आणलं तेव्हा मला काहीच वाटलं नाही, नुसती थरथरत होते. आणि पुढचं तरी नॉर्मल होईल का?"

माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून 'तू' म्हणते. फोंड्याच्या आसपास २४ वर्षं बाळंतपणं करते आहे, शिकले बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात. तुझे कागद मी पाहिलेले नाहीत, म्हणून तुझ्या डॉक्टरांचा प्रत्येक निर्णय बरोबर होता की नाही यावर बोलणार नाही. पण तुझ्या लिहिण्यावरून एक गोष्ट स्पष्ट दिसते. तीस तास तुझ्या अंगावर एकामागून एक उपचार झाले आणि कोणी तुझ्याजवळ बसून 'आता हे का करतोय' असं सांगितलं नाही. ते आता मी सांगते.

आधी घरातलं बोलणं घेऊ, कारण तेच तुला सगळ्यात जास्त लागलेलं दिसतं. जोर लावायची वेळ येते ती गर्भपिशवीचं तोंड पूर्ण, म्हणजे १० सेंटीमीटर उघडल्यावर. तू ६ वर होतीस. तेव्हा जोर लावला असतास तर सिस्टरनेच तुला थांबवलं असतं, कारण अर्धवट उघडलेल्या तोंडावर जोर आला की ते सुजतं आणि काम आणखी अडतं. म्हणजे जे करण्याची वेळ तुझ्यावर आलीच नाही, ते केलं नाहीस असा ठपका तू पाच आठवडे वागवते आहेस. आणि कळा सोसण्याचं म्हणशील, तर पिशवीचा स्नायू आपल्या इच्छेने चालत नाही. बाई रडली, ओरडली, मुकाट राहिली, त्याने तोंड लवकर किंवा उशिरा उघडत नाही. दात-ओठ खाऊन गप्प पडलेल्या बायका मी चारावर अडलेल्या पाहिल्या आहेत, आणि सगळा वॉर्ड डोक्यावर घेणाऱ्या दोन तासांत मोकळ्या झालेल्याही. सासूबाईंना हा परिच्छेद वाचून दाखव. त्यांच्या बाळंतपणातही त्यांना कोणी काही समजावलं नसणार.

आता थांबण्याचं. बाळाला अन्न आणि प्राणवायू दोन्ही वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून मिळतं. दिवस भरून वर आठवडा गेला की काही बायकांमध्ये वारेचं काम मंदावायला लागतं, आणि ते कोणाच्या बाबतीत होईल हे सोनोग्राफीत दर वेळी आधी दिसतं असं नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणण्याची शिफारस करते. स्वीडनमध्ये २,७६० बायकांवर याची एक मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या जणींना ४१ आठवड्यांना कळा आणल्या, निम्म्या जणींची ४२ आठवड्यांपर्यंत वाट पाहिली. वाट पाहिलेल्या गटात सहा बाळं दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली. सिझरचं प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं.

हे शेवटचं वाक्य तुझ्या शेजारणीसाठी आहे. अमेरिकेत सहा हजारांवर पहिलटकरणींचा असाच अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ३९व्या आठवड्यात कळा आणलेल्यांत सिझर १८.६ टक्के, वाट पाहिलेल्यांत २२.२ टक्के. यावरून सगळ्यांना ३९व्या आठवड्यात दाखल करा असं मी म्हणणार नाही. पण 'जेल म्हणजे सिझर' हे गणित खरं नाही, एवढं यातून नक्की कळतं.

मग शेजारीण असं का म्हणते? तिने पाहिलं असेल म्हणून. जेल लावलं, बारा तास झाले, तोंड दोनावरच, 'प्रगती नाही' म्हणून सिझर, अशा बायका आपल्याकडे खूप भेटतात. इथे मला थोडं सविस्तर सांगू दे, कारण सगळा गोंधळ याच टप्प्यावर होतो.

कळा नसताना पिशवीचं तोंड नाकाच्या शेंड्यासारखं घट्ट असतं. बाळंतपण जवळ आलं की ते ओठासारखं मऊ होतं, आखूड होतं, पुढे सरकतं. हात लावून हे तपासायचं आणि त्याला गुण द्यायचे ही पद्धत १९६४ साली बिशप नावाच्या डॉक्टरांनी बसवली, ती आजही चालते. गुण आठ किंवा वर असतील तर शरीर तयार आहे. सहा किंवा खाली असतील तर आधी तोंड मऊ करावं लागतं. जेलचं काम तेवढंच. कधी त्याऐवजी गोळी देतात, कधी छोटा फुगा आत ठेवतात. पहिल्या जेलनंतर पोटात पाळीसारखं दुखतं, कंबर धरते, झोप लागत नाही आणि तपासलं तर तोंड एक सेंटीमीटर. बाई खचते. घरचे बाहेर बाकावर बसून विचारतात, "अजून एकच?" पण त्या रात्री आत बरंच काम झालेलं असतं, ते सेंटीमीटरमध्ये दिसत नाही इतकंच. दगडासारखं तोंड लोण्यासारखं झालं तरी आकडा एकच राहू शकतो.

जुन्या पुस्तकांत तासाला एक सेंटीमीटर असा हिशेब असे. तो फ्रीडमन नावाच्या डॉक्टरांनी १९५५ साली ५०० पहिलटकरणींच्या नोंदींवरून मांडला आणि जगभर पाठ झाला. आता कळलं आहे की पाच-सहा सेंटीमीटरपर्यंतचा रस्ता याहून खूप सावकाश चालतो, आणि कळा आणलेल्या बाईत तर आणखी सावकाश. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही म्हटलं की पाच सेंटीमीटरच्या आधी तासाला एकचा नियम लावून घाई करू नये. म्हणून आई आणि बाळ दोघं ठीक असतील तर पाणमोट फोडून सलाईन सुरू केल्यावर निदान बारा ते अठरा तास दिल्याशिवाय 'कळा आणणं फसलं' असं म्हणायचं नाही, असा आजचा संकेत आहे. तुला सकाळी आठपासून मध्यरात्रीपर्यंत, सोळा तास मिळाले. आणि तू सहापर्यंत पोचलीस. म्हणजे जेलने काम केलं, सलाईनने काम केलं, तुझ्या शरीराने काम केलं. पुढचा अडथळा वेगळा होता.

त्याच्याआधी दुखण्याबद्दल एक. आपोआप आलेल्या कळा हळूहळू चढतात, शरीराला सवय होत जाते. सलाईनमधल्या औषधाने त्या लवकर जोर धरतात आणि मध्ये उसंत कमी मिळते. त्यात पाणमोट फुटलेली, म्हणजे बाळाचं डोकं थेट तोंडावर दाबत असतं. तुझ्या आईच्या किंवा सासूच्या कळांशी त्या कळांची तुलना होऊच शकत नाही. कमरेतून देण्याचं वेदनाशामक इंजेक्शन, ज्याला एपिड्युरल म्हणतात, ते गोव्यात सगळ्या इस्पितळांत रात्रंदिवस मिळत नाही. पुढच्या खेपेला सातव्या महिन्यातच विचारून ठेव.

आता ती रात्र. प्रत्येक कळेला पिशवी आवळते तेव्हा वारेतला रक्तपुरवठा काही क्षण कमी होतो. पोहणारा पाण्याखाली श्वास धरतो तसं बाळ तेवढा वेळ निभावतं आणि कळ ओसरली की भरून काढतं. ठोके मिनिटाला ११० ते १६० चालतात. कळेबरोबर किंचित उतरले आणि लगेच वर आले तर चिंता नसते. कळ संपल्यावरही ते खालीच राहायला लागले, पुन्हा पुन्हा तसं झालं, तर बाळाची भरपाई होत नाही असा अर्थ. हिरवं पाणी म्हणजे बाळाने पोटातच शी केली. दिवस वर गेलेल्या बाळांत हे नुसतंही दिसतं, तेवढ्यावरून सिझर करायचं नसतं. पण हिरवं पाणी, उतरलेले ठोके आणि तोंड अजून सहावर, ही तिन्ही एकत्र आली की खालून बाळंत व्हायला आणखी कित्येक तास लागणार, आणि तेवढे तास बाळाकडे आहेत याची खात्री कोणी देऊ शकत नाही. अशा वेळी सलाईन बंद करून डाव्या कुशीवर वळवतात, थोडं थांबून पाहतात. तुलाही कुशीवर वळवलं असेल, आठवून बघ. त्यानेही ठोके सावरले नाहीत तर मीही तेच केलं असतं जे त्यांनी केलं.

सहावर का अडलं, याचं एक नेहमीचं कारण म्हणजे बाळ पोटात उताणं असणं, म्हणजे त्याचं तोंड आईच्या पोटाकडे आणि डोक्याची मागची बाजू आईच्या पाठीकडे. मग डोक्याचा मोठा घेर पुढे येतो आणि कळा सगळ्या कमरेत भरतात. तुझी कंबर त्या दिवशी फार दुखली असेल तर ही शक्यता आहे. ऑपरेशनच्या नोंदीत बाळाची स्थिती लिहिलेली असते, तिथे ते कळेल.

थरथरण्याबद्दल तू लाजत-लाजत लिहिलंस असं वाटलं. कमरेत इंजेक्शन दिल्यावर अंगाचा खालचा भाग बधिर होतो, तिथल्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि शरीराची ऊब झपाट्याने जाते. ऑपरेशनची खोली थंडगार. त्यात तीस तासांचं जागरण, पोटात अन्न नाही. खूप बायका दात वाजेपर्यंत थरथरतात. त्या अवस्थेत कोणी बाळ गालाला लावलं तर मनात काय उमटणार? मी विचारलं की निम्म्या तरी जणी हळूच सांगतात, "डॉक्टर, मला त्या क्षणी फक्त झोपायचं होतं." माया पुढे येते. दूध पाजताना, नखं कापताना, रात्री तिसऱ्यांदा उठून दुपटं बदलताना. तुझी आलीच आहे, नाहीतर हा प्रश्न तुला पडला नसता.

पण मनाचं एवढ्यावर सोडत नाही. बाळंतपणानंतर पहिले दहा-बारा दिवस उगाच रडू येतं ते वेगळं. पाचव्या आठवड्यातही रोज रडू येत असेल, बाळ झोपलं तरी तुला झोप लागत नसेल, कशातच मन नसेल, ती रात्र पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येऊन छाती धडधडत असेल, तर हा आजार असू शकतो आणि तो बरा होतो. गोव्यातल्याच एका जिल्हा इस्पितळात नाव घातलेल्या बायकांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं, म्हणजे चारातल्या जवळजवळ एकीला. पैशाची ओढाताण, नवऱ्याशी बेबनाव, आणि मुलगाच हवा असताना मुलगी होणं, यांचा त्यात हात होता. तुझ्या घरी मुलीवरून काही बोललं जात असेल तर तेही मनात दाबून ठेवू नकोस. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, रात्रीही लागतो. स्तनपान चालू असतानाही घेता येतात अशी औषधं आहेत. आणि स्वतःला किंवा बाळाला काही करावं असं क्षणभर जरी मनात आलं, तर त्याच दिवशी नवऱ्याला सांगून डॉक्टरांकडे जा.

बाकीचं भराभर सांगते. कमरेच्या सुईने जन्मभर कंबर दुखते हे खरं नाही. कंबर दुखते ती सैल पडलेल्या पोटाच्या स्नायूंनी आणि वाकून दूध पाजल्याने. पाठीला उशी घे, बाळाला काखेत धरून किंवा कुशीवर झोपून पाज. पोट कापलं असं म्हणतात, पण पोटाचे उभे स्नायू सहसा कापत नाहीत, मधून बाजूला सारतात. त्यामुळे ताकद परत येते. पोटपट्ट्याने बरं वाटत असेल तर बांध. उकड्या तांदळाची पेज, कुळीथ, अळीव, मासे, अंडी, भाज्या सगळं खा. सिझरमध्ये रक्त जरा जास्त जातं, म्हणून लोहाच्या गोळ्या बंद करू नकोस. पाणी कमी प्यायचं, ही जुनी समजूत मात्र सोड. शेक हवा तर घे, पण बंद खोलीत शेगडी आणि धुरी नको. तो धूर बाळाच्या छातीत जातो. टाक्यांतून पाणी किंवा पू, ताप, एका पोटरीला सूज आणि दुखणं, धाप लागणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी, किंवा तासाभरात पॅड भिजेल इतकं अंगावरून जाणं, यातलं काहीही झालं तर सकाळ होण्याची वाट न बघता १०८ ला फोन कर.

एक गोष्ट मनावर दगड ठेवून लिहिते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातली ३९.५ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली दिसतात; देशाचा आकडा २१.५. ही तफावत नुसत्या अडचणींनी पडत नाही. त्यात डॉक्टरांची घाई आहे, कोर्टकचेरीची भीती आहे, मुहूर्त काढून आणणारी कुटुंबंही आहेत. म्हणून बायकांना शंका येते, आणि ती यायलाच हवी. फक्त शंकेचं उत्तर शेजारणीकडे नसतं, फाईलमध्ये असतं. काही वर्षांपूर्वी सत्तरी तालुक्यातली एक बाई दुसऱ्या खेपेला माझ्याकडे आली. पहिलं सिझर दुसरीकडे झालेलं. मी कारण विचारलं, तर म्हणाली, "म्हायत ना. कोणेच सांगलें ना." (माहीत नाही. कोणीच सांगितलं नाही.) तीन वर्षं ती स्वतःलाच दोष देत होती. कागद मागवले, तर बाळ आडवं होतं. तेवढं एक वाक्य तिला कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून सिझर झालेल्या प्रत्येक बाळंतिणीजवळ तिसऱ्या दिवशी मी कागद घेऊन बसते.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही त्याच कागदांवर अवलंबून आहे. एक सिझर झालेल्या आणि पुढच्या खेपेला नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्या शंभर बायकांपैकी साधारण साठ ते ऐंशी नॉर्मल बाळंत होतात. तुझं सिझर ठोक्यांमुळे झालं आणि तू सहापर्यंत पोचली होतीस, या दोन्ही गोष्टी तुझ्या बाजूच्या आहेत. धोका एकच, पण मोठा: प्रयत्न करणाऱ्या साधारण दोनशे जणींपैकी एकीचा जुना टाका कळांमध्ये उसवतो. म्हणून तो प्रयत्न जिथे ऑपरेशनची खोली, भूलतज्ज्ञ आणि रक्त चोवीस तास हाताशी आहे अशाच ठिकाणी करायचा. डिचोलीहून बांबोळी तासाभरावर आहे, हे आपल्या छोट्या राज्याचं सुख. पण कळा सुरू झाल्यावर निघायचं नाही. तारीख जवळ आली की कुठे राहायचं ते आधी ठरवायचं. मध्ये निदान दोन वर्षं जाऊ देत, त्याची साधनं सहा आठवड्यांच्या तपासणीतच ठरवून घे. पाळी आली नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत, असं धरून चालू नकोस.

त्या तपासणीला पुढच्या आठवड्यात जाशील तेव्हा डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशनच्या नोंदीची आणि ठोक्यांच्या पट्टीची प्रत माग. कागदांच्या प्रती मागणं हा तुझा हक्क आहे, लेखी अर्ज दिलास की द्याव्या लागतात. डॉक्टरांना समोर बसून चार गोष्टी विचार: पिशवीवरचा छेद आडवा खालच्या भागात होता की उभा, सिझर ठरलं तेव्हा तोंड किती उघडलं होतं, बाळाचं डोकं कुठे आणि कसं होतं, आणि कारण म्हणून नेमकं काय लिहिलं आहे. छेद खालचा आडवा असेल, आणि बहुतेक वेळा तोच असतो, तर वर लिहिलेले आकडे तुला लागू. उभा असेल तर पुढच्या खेपेला कळांची वाट न बघता ठरवूनच सिझर करावं लागेल. ते कागद मुलीच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर एकाच पिशवीत ठेव, आणि मोबाईलमध्ये फोटो काढून नवऱ्यालाही पाठवून दे.